भारत-फ्रान्स संरक्षण सहकार्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राफेलवर काहीही लिहिलं की दोन तऱ्हेची पत्रं येतात. एकात मी सरकारचा भाट असतो, दुसऱ्यात देशाचा वैरी. ती दोन्ही बाजूला काढली की उरतात ते खरे प्रश्न. ते गेली काही वर्षं फिरून फिरून तेच आहेत, म्हणून एकदाच सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. प्रश्नांना क्रमांक घातलेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे बोट दाखवता येईल.

१. भारत आणि फ्रान्सची लष्करी युती आहे का? उद्या युद्ध पेटलं तर फ्रेंच सैन्य आपल्या बाजूनं उतरेल का?

नाही. एकावर हल्ला म्हणजे दोघांवर हल्ला, असं कलम असलेला कुठलाही करार या दोन देशांत नाही. फ्रान्सचं तसं बंधन 'नाटो'शी आहे. भारताचं कुणाशीच नाही. आपण त्या वाटेवर सगळ्यात पुढे गेलो ते ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत मैत्री करारात, आणि त्यातही धोका उद्भवल्यास एकमेकांशी ताबडतोब सल्लामसलत करायची, एवढंच ठरलं होतं.

थोडक्यात, फ्रान्स आपल्याला हत्यारं देईल, सुटे भाग देईल, सुरक्षा परिषदेत बाजू सांभाळेल. लढायचं आपणच. पुण्याच्या दरबाराने हा धडा फार पूर्वी घेतला होता. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील नाना फडणवीसांकडे येऊन फौज आणि तोफांची आश्वासनं देऊन गेला. इंग्रजांच्या पोटात गोळा आला तेवढाच काय तो फायदा. फौज काही आली नाही.

२. मग 'व्यूहात्मक भागीदारी' म्हणजे नेमकं काय?

जानेवारी १९९८ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे म्हणून दिल्लीत आले, तेव्हा ही भागीदारी जाहीर झाली. भारताने कुठल्याही देशाशी केलेली ही अशी पहिली. शब्द गुळगुळीत आहे, पण तिची परीक्षा चारच महिन्यांत झाली. मे महिन्यात पोखरणला अणुस्फोट झाले. अमेरिका आणि जपानने निर्बंध लादले. फ्रान्सने लादले नाहीत.

आपल्या लष्करी वर्तुळात फ्रान्सबद्दल जी आपुलकी दिसते तिचं मूळ इथे आहे. सुटा भाग ऐन लढाईत अडला तर विमान म्हणजे शोभेची वस्तू. फ्रेंच माल महाग असतो हे सगळे मान्य करतात, पण 'अडवत नाहीत' हा त्याचा गुण ते त्या किमतीत धरतात. तारापूरच्या लोकांना याची आणखी जुनी आठवण असेल. अमेरिकेने तिथल्या अणुभट्ट्यांचं इंधन थांबवलं, तेव्हा १९८२ च्या समझोत्यानंतर ते फ्रान्सकडून आलं.

३. राफेल हे आपलं पहिलं फ्रेंच लढाऊ विमान का?

छे. पहिलं उरागान, १९५३ सालचं. आपण त्याचं नाव 'तुफानी' ठेवलं. पाठोपाठ मिस्तेर आलं. ७ सप्टेंबर १९६५ ला सरगोध्यावरच्या हल्ल्यात स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या यांनी याच विमानातून कितीतरी वेगवान पाकिस्तानी स्टारफायटर पाडलं. ते परतले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळायला १९८८ साल उजाडलं. जुन्या विक्रांतवरची पाणबुडीशोधक अलिझे विमानं फ्रेंच होती. चेतक आणि चीता ही हेलिकॉप्टरं मूळची फ्रेंच, हिंदुस्तान एरोनॉटिक्सने इथे परवान्यावर बनवलेली. सियाचेनच्या चौक्यांना रसद पोचवणारं ते चीताच.

मिराज-२००० ची पहिली तुकडी १९८५ मध्ये ग्वाल्हेरला उतरली. कारगिलमध्ये टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकले ते मिराजने, आणि २०१९ मध्ये बालाकोटला गेलेलीही मिराजच. यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. कारगिलच्या वेळी विमान फ्रेंच होतं, पण लक्ष्य दाखवणारा पॉड इस्रायली. असा वेगवेगळ्या घरचा संसार जुळवून घेणं हे आपल्या हवाई दलाचं खास कसब आहे. ते पुढे प्रश्न ११ मध्ये पुन्हा येईल.

४. स्कॉर्पिन पाणबुड्या माझगाव डॉकमध्ये बनल्या. मग त्या भारतीय म्हणायच्या की फ्रेंच?

आराखडा फ्रेंच, बांधणी मुंबईची. ऑक्टोबर २००५ मध्ये सहा पाणबुड्यांचा करार झाला. फ्रेंच कंपनीचं आजचं नाव नेव्हल ग्रुप. सहाही पाणबुड्या माझगावात बांधल्या गेल्या आणि नौदलात अशा दाखल झाल्या : कलवरी डिसेंबर २०१७, खांदेरी सप्टेंबर २०१९, करंज मार्च २०२१, वेला नोव्हेंबर २०२१, वागीर जानेवारी २०२३ आणि वागशीर जानेवारी २०२५.

पोलादाचा दंडगोल वाकवणं, सांधणं, त्यात कित्येक किलोमीटर केबल आणि नळ्या बसवणं हे आपल्या माणसांनी केलं. पण तो दंडगोल तेवढ्याच व्यासाचा का, आवाज कमी व्हावा म्हणून यंत्रं अशीच का बसवायची, या 'का'ची उत्तरं फ्रान्समध्येच राहिली. बांधायला शिकणं आणि आखायला शिकणं या वेगळ्या विद्या आहेत. पहिली आपण कमावली, दुसरीसाठी करारात पैसे मोजले नव्हते. कुठल्याही संरक्षण कराराची बातमी आली की मी आधी एवढंच बघतो की माल वापरून संपल्यावर इथे काय उरणार आहे.

५. त्यांना एवढा उशीर का झाला? कामगारांमुळे?

कामगारांवर खापर फोडणारं पत्र दर दोन महिन्यांनी येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझगावने याआधीही पाणबुड्या बांधल्या होत्या. जर्मन आराखड्याच्या शल्की आणि शंकुल, १९९२ आणि १९९४ मध्ये नौदलात गेलेल्या. दरम्यान जर्मन कंपनीच्या व्यवहारात दलालीचा आरोप झाला आणि पुढची कामं बंद पडली. पाणबुडीचं वेल्डिंग हे गेटच्या ग्रिलचं वेल्डिंग नव्हे. समुद्राच्या दाबाखाली एकही सांधा दगा देऊन चालत नाही, आणि प्रत्येक सांध्याची तपासणी होते. ज्यांचा हात बसला होता ते दहा-बारा वर्षांत निवृत्त झाले, पांगले. २००५ नंतर नव्याने माणसं तयार करावी लागली. आरोपाची चौकशी व्हायलाच हवी होती, पण त्यासाठी अख्खी कर्मशाळा थंड पडू देणं हा वेगळा गुन्हा, आणि त्याची शिक्षा कुणालाच झाली नाही.

दुसरं कारण खरेदीचं. काही सामग्री माझगावने स्वतः घ्यायची होती. तिच्या किमती मधल्या काळात वाढल्या आणि फायली अडकल्या. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळायची होती, ती पाच वर्षं लांबली. सुरुवातीला सुमारे १८,८०० कोटी रुपयांचा असलेला प्रकल्प २०१० मध्ये २३,५६२ कोटींवर गेला.

६. 'खांदेरी' हे नाव आपल्या किल्ल्यावरूनच ना?

हो. थळच्या समोरचं बेट, जिथे शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी घालायला घेतली आणि मुंबईकर इंग्रज व सिद्दी दोघांनाही अंगावर घेतलं. मात्र स्कॉर्पिन ही पहिली खांदेरी नव्हे. त्याआधी रशियन बनावटीच्या पाणबुडीचं हेच नाव होतं. आपल्या नौदलात पाणबुडी निवृत्त झाली तरी नाव मरत नाही, नव्या पाणबुडीला मिळतं. कलवरी म्हणजे मल्याळममध्ये वाघ्या मुशी.

७. २०१६ मध्ये स्कॉर्पिनची कागदपत्रं फुटली होती. मग या पाणबुड्या शत्रूला उघड्या पडल्या का?

ऑगस्ट २०१६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्राने २२,४०० पानं फुटल्याचं छापलं. प्रकरण गंभीर होतं, ते झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण पाणबुडीचं खरं गुपित तिच्या आवाजात असतं. कोणत्या वेगाला, कोणत्या खोलीवर, कोणतं यंत्र चालू असताना ती कशी ऐकू येते, हे प्रत्येक पाणबुडीगणिक वेगळं असतं आणि ते समुद्रात उतरल्यावरच मोजता येतं. फुटलेले कागद त्याआधीचे, कारण पहिली कलवरी दाखल झाली तीच त्यानंतर वर्षभराने.

खरी फजिती दुसरीच झाली. या पाणबुड्यांसाठी निवडलेले इटालियन टॉर्पेडो २०१६ मध्येच रद्द करावे लागले, कारण बनवणारी कंपनी हेलिकॉप्टर घोटाळ्यात अडकलेल्या उद्योगसमूहातली होती. नव्या पाणबुडीत जुन्या जर्मन पाणबुड्यांचे टॉर्पेडो घालून वेळ भागवली गेली.

८. यात अंबरनाथचं नाव का येतं?

डिझेल-विजेच्या पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी दर थोड्या दिवसांनी वर येऊन हवा घ्यावी लागते, आणि वर आली की ती दिसते. हवेशिवाय वीज तयार करणारी यंत्रणा असेल तर ती साधारण दोन आठवडे खाली राहू शकते. आपल्या सहाही स्कॉर्पिन अशा यंत्रणेविना दाखल झाल्या.

फ्रेंच यंत्रणा विकत न घेता ती इथे बनवायची ठरली. काम आलं डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेकडे. त्यांची इंधनघट यंत्रणा हायड्रोजन पाणबुडीतच लागेल तसा तयार करते, त्यामुळे तो साठवून न्यावा लागत नाही. जमिनीवरची चाचणी मार्च २०२१ मध्ये पार पडली. डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एकाच दिवशी दोन करार केले : ही यंत्रणा बसवलेला नवा भाग बांधण्याचा माझगावशी, आणि डीआरडीओचा स्वदेशी टॉर्पेडो पाणबुडीत बसवण्याचा नेव्हल ग्रुपशी. दोन्ही मिळून सुमारे २,८६७ कोटी. आधी बांधलेली पाणबुडी मधोमध कापायची, तो भाग घालायचा आणि परत सांधायची. प्रश्न ५ मधलं वेल्डिंग आठवा.

९. राफेल १२६ घ्यायची होती, मग ३६ का? आणि घोटाळा झाला की नाही?

२००७ च्या निविदेतून २०१२ मध्ये राफेल निवडलं गेलं. १८ तयार येणार होती, १०८ हिंदुस्तान एरोनॉटिक्स बांधणार होतं. किंमत आणि इथे बनलेल्या विमानांची हमी कुणी द्यायची, यावर बोलणी अडली. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधानांनी पॅरिसमध्ये ३६ तयार विमानं घेणार असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०१६ मध्ये ७.८७ अब्ज युरोंचा, म्हणजे साधारण ५९,००० कोटींचा करार झाला. पहिली पाच २९ जुलै २०२० ला अंबाल्यात उतरली, छत्तिसावं डिसेंबर २०२२ मध्ये आलं.

घोटाळ्याबद्दल नोंदी सांगतो, निष्कर्ष तुमचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये चौकशीच्या याचिका फेटाळल्या आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये फेरविचारही नाकारला. महालेखापालांनी नवा व्यवहार आधीच्या प्रस्तावापेक्षा २.८६ टक्के स्वस्त ठरवला. फ्रान्समध्ये मात्र २०२१ मध्ये न्यायाधीशामार्फत तपास सुरू झाला. मला स्वतःला दलालीइतकीच दुसरी गोष्ट टोचते. १०८ विमानं इथे बांधताना जे हात तयार झाले असते, ते झाले नाहीत.

१०. नागपूरच्या मिहानमध्ये राफेल बनतं का?

नाही. तिथे राफेल बनवणारी दसॉ आणि रिलायन्स यांच्या संयुक्त कंपनीचा कारखाना आहे, भूमिपूजन ऑक्टोबर २०१७ चं. तिथलं मुख्य काम फाल्कन २००० या व्यावसायिक जेटच्या भागांचं आहे. अख्खं फाल्कन नागपुरात जुळवण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली, पहिलं विमान २०२८ पर्यंत. राफेलचा सांगाडा बनवण्याचा करार टाटांशी झाला आहे आणि तो हैदराबादेत बनायचा आहे.

हे सगळं 'ऑफसेट'च्या ओघात येतं. विकणाऱ्याने मिळालेल्या पैशांतला ठरावीक हिस्सा भारतात खरेदी, गुंतवणूक किंवा तंत्रज्ञान देऊन परत आणायचा. राफेलला तो निम्मा होता. अट ऐकायला छान वाटते, पण महालेखापालांनी सप्टेंबर २०२० च्या अहवालात नोंदवलं की कावेरी या स्वदेशी जेट इंजिनासाठी डीआरडीओला हवं असलेलं तंत्रज्ञान देण्याचं विक्रेत्यांनी नक्की केलेलं नव्हतं. सुटे भाग बनवून अट पुरी करणं सोपं, विद्या देऊन करणं कठीण.

११. 'सोर्स कोड' मिळाला नाही म्हणजे फ्रान्स आपलं विमान बंद पाडू शकतं का?

सोर्स कोड म्हणजे विमानाच्या संगणकाची मूळ आज्ञावली. बटण दाबून विमान पाडतात ही सिनेमातली गोष्ट. अडचण वेगळी आणि रोजची आहे. उद्या तुम्हाला आपलं 'अस्त्र' क्षेपणास्त्र राफेलवर लावायचं असेल, तर विमानाच्या संगणकाला त्याची ओळख करून द्यावी लागते. संगणकाची चावी दसॉकडे असेल तर दर वेळी त्यांच्या दारात जायचं, ते सांगतील ते पैसे आणि ते म्हणतील ती तारीख. २०२५ च्या नौदल करारात (प्रश्न १२) भारतीय शस्त्रं बसवण्यासाठीचं तंत्रज्ञान हस्तांतर लिहिलेलं आहे. त्याची अंमलबजावणी कशी होते त्यावर माझं मत ठरेल.

वापरायला परवानगी लागते का, हेही विचारतात. कारगिल आणि बालाकोटचा अनुभव सांगतो की कुठे आणि कुणाविरुद्ध वापरायचं हे दिल्लीत ठरतं. तिसऱ्या देशाला विकायचं असेल तर मात्र विचारावं लागतं.

१२. नौदलाची राफेल गोव्याला येणार का? विक्रांतला तर कॅटापल्टच नाही.

२८ एप्रिल २०२५ ला २६ विमानांचा करार झाला, सुमारे ६३,००० कोटींचा. २२ एकआसनी आणि ४ दोन आसनी. दोन आसनी प्रशिक्षणासाठी, ती जहाजावरून उडत नाहीत. सगळी २०३० पर्यंत येतील.

फ्रान्सची शार्ल द गोल ही नौका विमानाला वाफेच्या गोफणीने पुढे फेकते. विक्रांतवर तसं नाही, तिथे शेवटी वर वळलेला उतार आहे आणि विमानाला स्वतःच्या जोरावर उडावं लागतं. राफेलला ते जमतं का हे जानेवारी २०२२ मध्ये गोव्यात, आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावरच्या तशाच बांधीव उतारावर तपासलं गेलं. दाबोळीला विमान चुकलेल्यांपैकी काहींनी तो आवाज ऐकला असेल. नौदलाची मिग-२९के विमानं हंसावरच राहतात, त्यामुळे गोवेकरांनी कानात कापूस तयार ठेवायला हरकत नाही.

१३. ऑपरेशन सिंदूरमध्ये राफेल पडलं का?

विमानांचं नुकसान झालं, हे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे २०२५ ला सिंगापूरमध्ये मान्य केलं. आकडा आणि प्रकार सांगितला नाही. सहा विमानं पाडल्याचा पाकिस्तानचा दावा त्यांनी चुकीचा ठरवला. एवढं अधिकृत आहे. बाकी ज्या चित्रफिती तुम्ही मला पाठवता, त्यातल्या काही तर संगणकावरच्या खेळातल्या असतात.

१४. फ्रान्सने पाकिस्तानलाही पाणबुड्या दिल्या. मग हा कसला मित्र?

प्रश्न बोचरा आहे आणि रास्त आहे. ९ डिसेंबर १९७१ ला दीवच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले. टॉर्पेडो मारणारी हंगोर फ्रेंच बनावटीची होती. त्यानंतरही १९९४ मध्ये फ्रान्सने पाकिस्तानशी अगोस्टा पाणबुड्यांचा करार केला. त्याच कामावरचे ११ फ्रेंच अभियंते मे २००२ मध्ये कराचीतल्या बॉम्बस्फोटात मारले गेले. पाकिस्तानी हवाई दलात जुनी मिराज आजही उडतात.

फ्रान्स सगळ्यांना विकतं, आपल्यालाही ते त्याच नियमाने विकतं. 'अडवत नाहीत' या प्रश्न २ मधल्या गुणाचीच ही दुसरी बाजू. अलीकडे भारताची खरेदी इतकी मोठी झाली आहे की पलीकडच्या गिऱ्हाइकासाठी ती धोक्यात घालणं पॅरिसला परवडणार नाही. मैत्रीपेक्षा मी या हिशोबावर जास्त विसंबतो.

१५. वरुण, गरुड, शक्ती हे सराव म्हणजे नुसते फोटो काढायला?

वरुण नौदलाचा, गरुड हवाई दलाचा, शक्ती भूदलाचा. नौदलाचे सराव आधीपासूनचे, वरुण हे नाव २००१ मध्ये पडलं. मे २०१९ मध्ये गोव्याच्या समुद्रात विक्रमादित्य आणि शार्ल द गोल शेजारी होत्या, मार्च २०२५ मध्ये अरबी समुद्रात विक्रांत आणि शार्ल द गोल. फोटो निघतात हे खरं. पण चालत्या जहाजाने चालत्या जहाजाला तेल देणं, परक्या रेडिओवरचे इशारे समजणं, हे कागदावर शिकता येत नाही.

१६. फ्रेंच युद्धनौका आपल्या बंदरात येतात. त्यांचा इथे तळ आहे का?

तळ नाही. मार्च २०१८ च्या करारानुसार एकमेकांच्या बंदरांत इंधन, रसद, दुरुस्ती मिळते आणि बिल नंतर चुकतं होतं. आपला फायदा रियुनियनमध्ये आहे. हिंदी महासागरातलं हे बेट फ्रान्सचाच भाग, मॉरिशसच्या शेजारी. २०२० मध्ये आपलं पी-८आय टेहळणी विमान तिथून फ्रेंचांसोबत गस्तीला उडालं. नकाशा काढून बघा. मुंबईहून निघालेल्या विमानाला तिथे उतरायला मिळणं म्हणजे काय ते लगेच कळेल. मॉरिशसच्या मराठी वाचकांना हे सांगायची गरज नाही.

१७. पुढे काय? नव्या पाणबुड्या, नवं इंजिन?

आणखी तीन स्कॉर्पिनना जुलै २०२३ मध्ये प्राथमिक मंजुरी मिळाली. मंजुरी म्हणजे करार नव्हे. माझगावात पुढच्या मोठ्या प्रकल्पाची बोलणी जर्मनांशी चालू झाली आहेत.

इंजिनाचं मात्र नीट लक्ष ठेवून पाहा. ध्रुव आणि प्रचंड ही हेलिकॉप्टरं ज्या 'शक्ती' इंजिनावर उडतात ते हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि फ्रेंच कंपनीने मिळून घडवलं. लढाऊ जेटचं इंजिन हे याहून फार अवघड प्रकरण, आपलं कावेरी तिथेच अडखळलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी फ्रान्सच्या सफ्रानसोबत असं इंजिन भारतात विकसित करण्याचं सांगितलं. प्रचंड तापमानात टिकणाऱ्या पात्यांचा धातू कसा ओततात, ही विद्या मिळते की नाही, तेवढं विचारत राहा.

१८. माझा मुलगा आयटीआय करतोय. माझगावात संधी आहे का? फ्रेंच शिकायला लावू का?

माझगाव डॉकची स्वतःची शिकाऊ उमेदवार शाळा आहे. आठवी उत्तीर्ण, दहावी उत्तीर्ण आणि आयटीआय केलेल्यांसाठी वेगवेगळे गट असतात. जाहिरात कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर येते, अर्जही तिथूनच. पैसे घेऊन 'आत लावून देतो' म्हणणारा भेटला तर त्याला चहाही पाजू नका.

वेल्डर, फिटर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन या ट्रेडना काम आहे. फ्रेंच आलं तर बिघडत नाही, पण आधी ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे आणि हात स्थिर हवा.